पाव फेरा

नर्सबाई स्वतःची मोटरसायकल ढकलत आल्या तेव्हा अकरा वाजले होते. त्यांचा चेहरा पाहून मी आधी खुर्ची पुढे केली आणि मग काय झालं ते विचारलं. घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणं, जखमा धुऊन बांधणं हे त्यांचं काम. दिवसाला पन्नास किलोमीटर तरी या गाडीवर होतात. तेल बदलायचं म्हणून सकाळी त्या घराजवळच्या गॅरेजात गेल्या. तिथल्या माणसाने जुनं तेल काढलं, ऑइल फिल्टर काढायला घेतला आणि तासभर झटापट करून हात टेकले. वर त्यांना ऐकवलं, "ज्याने बसवलाय त्याच्याकडेच न्या. हा काय माणसाने आवळलेला नाही."

इंजिनात तेल नाही म्हणजे गाडी चालू करायची सोय नाही. म्हणून दीड किलोमीटर ढकलत.

"दुपारी चारला एका आजोबांचं इंजेक्शन आहे," त्या म्हणाल्या. "ते घड्याळ लावून बसतात. मला पाच मिनिटं उशीर झाला की त्यांचं बीपी वाढतं आणि मग ते मोजायलाही मलाच लागतं."

"चारपर्यंत होईल," मी म्हटलं. असं म्हणायची मला खोड आहे.

फिल्टर आमच्याकडेच बसवलेला होता. दहा महिन्यांपूर्वी, बाबांनी. आमच्या गॅरेजात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे. तेल, फिल्टर, ब्रेक, चाकं बाबांची. इंजिन खोलणं, क्लच, वायरिंग माझं. दोन टेबलं, दोन हत्यारपेट्या, मध्ये एक दार. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि कोणी वय विचारलं तर "गाडीचं सांगू की माझं?" असं विचारतात. हा विनोद मी किमान पाचशे वेळा ऐकलाय.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी चहा पिताना मला दिसलं की त्यांच्या हातातला कप थरथरतोय. त्यांनी तो लगेच टेबलावर ठेवला आणि चहा फार गरम आहे म्हणाले. चहा गरम नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांच्या हातांकडे बघायला लागले, आणि एकदा बघायला लागलं की दिसत राहतं. चार महिन्यांपूर्वी ते एका गाडीच्या ड्रेन बोल्टला, म्हणजे जुनं तेल जिथून काढतात त्या बोल्टला, वॉशर लावायला विसरले आणि त्या गिऱ्हाइकाच्या स्वच्छ फरशीवर रात्रभर तेल गळलं. दोन महिन्यांपूर्वी वर्तमानपत्र टाकणाऱ्याची गाडी आली, तिचा ड्रेन बोल्ट, अति आवळला की येतो तसा, इंजिनातले आटे सोबत घेऊनच बाहेर आला. तेही काम मागच्या वेळी बाबांनी केलेलं. त्या रविवारी मी धाकट्या भावाला फोन केला. तो दुसऱ्या शहरात असतो, खुर्चीवर बसून नोकरी करतो आणि दर रविवारी सगळ्यांची काळजी करतो. आम्ही दोघांनी ठरवलं की आणखी एक चूक झाली, म्हणजे तिसरी, की बाबांनी गाड्यांना हात लावणं बंद करायचं. काउंटरवर बसायचं, गिऱ्हाइकांशी बोलायचं, पावत्या फाडायच्या. बाबांना आम्ही हे सांगितलं नव्हतं. योग्य वेळी सांगू म्हणालो होतो.

आणि आता हा फिल्टर समोर होता.

मी गाडी उभी केली आणि खाली बसून पाहिलं. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याने वाटी पाना लावला असणार. फिल्टरच्या तळाला पान्याची पकड बसावी म्हणून कंगोरे असतात, ते त्याने पार गुळगुळीत करून ठेवले होते. वरच्या पत्र्याला दोन ठिकाणी पोचे होते. फिल्टर जागचा हलला नव्हता.

फिल्टर म्हणजे काही मोठी वस्तू नाही. मुठीत मावेल एवढा पत्र्याचा डबा, एका तोंडाला रबराचं कडं, मध्ये आटे. बसवताना रबराला बोटाने तेल लावायचं, डबा हाताने फिरवत न्यायचा, रबर इंजिनाला टेकलं की तिथून पाऊण फेरा द्यायचा आणि थांबायचं. बसवायला पाना लागत नाही. बाबांनी मला हे मी अकरा वर्षांची असताना शिकवलंय, आणि मग ते स्वतः बसवून झाल्यावर एक गोष्ट करतात जी मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिली नाही. पांढऱ्या रंगाच्या पेनाने ते एक बारीक रेघ मारतात, अर्धी फिल्टरवर आणि अर्धी इंजिनावर. गाडीच्या हादऱ्यांनी फिल्टर सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते, लांबूनच कळतं.

ही रेघ आता तेलकट काळ्या थराखाली होती. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"कोरडं रबर बसलं असेल," बाबा माझ्या मागून म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले कळलं नव्हतं. "मी तेल लावायला विसरलो असेन."

"असेल," मी म्हटलं. मनात म्हटलं, तिसरी.

"मी बघू का?"

"तुम्ही बसा. मी करते."

ते जाऊन आपल्या स्टुलावर बसले. नर्सबाईंनी त्यांना विचारलं, "हात कसा आहे?" मी दचकले. त्यांना काय माहीत? मग लक्षात आलं की अंगठ्याला कापलं होतं ते त्यांनीच मागे बांधून दिलं होतं.

मी आधी ड्रेन बोल्ट नीट बसलाय ना ते पाहून इंजिनात लिटरभर जुनं तेल ओतलं आणि गाडी पाच मिनिटं चालू ठेवली. इंजिन कोमट झालं की धातू थोडा सैलावतो, रबर मऊ पडतं. बंद करून मी डब्याच्या पोटाला पेट्रोलचा बोळा फिरवला, तिथला तेलाचा थर काढला, त्याच्याभोवती पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळली आणि दोन्ही हातांनी पिळलं. बऱ्याच फिल्टरना एवढं पुरतं. याला पुरलं नाही. माझ्या तळव्यावर पॉलिश पेपरची नक्षी उठली तेवढीच.

मग पट्ट्याचा पाना. रबरी पट्टा डब्याभोवती आवळायचा आणि दांडा फिरवायचा. पण या गाडीचा सायलेन्सरचा पाइप फिल्टरला इतका लगटून जातो की दांडा दोन बोटंसुद्धा फिरत नाही. मी पाइपाचे दोन बोल्ट सोडून तो खाली लोंबकळत ठेवला. आता जागा झाली. पट्टा लावला, दांड्याला अंगाचा भार दिला. पट्टा सर्रकन घसरला आणि माझी बोटं इंजिनाच्या केसिंगवर आपटली. जे तोंडातून निघालं ते नर्सबाईंनी न ऐकल्यासारखं केलं. त्या फोनवर कोणाला तरी अकराची वेळ साडेबारावर नेता येईल का विचारत होत्या.

"पट्ट्याखाली पॉलिश पेपर घाल," बाबा म्हणाले.

मी घालणारच होते. आता घातला तर त्यांनी सांगितलं म्हणून घातल्यासारखं होणार होतं, म्हणून मी आधी साखळीचा पाना घेतला. हा माझा स्वभाव आहे आणि तो मला महागात पडत आलाय. साखळीने डबा चेमटला. गोल होता तो लांबट झाला. मग मी मुकाट्याने पट्ट्याखाली पॉलिश पेपर घातला, पण लांबट झालेल्या डब्याला पट्टा नीट बसेना.

साडेबारा झाले होते. नर्सबाईंनी आणखी दोन फोन केले. त्यांच्या आवाजात गोडवा वाढत चालला होता. म्हणजे त्यांना राग येत होता.

मी मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी घेतली.

"भोसकू नकोस," बाबा म्हणाले.

"मग काय करू? याची आरती ओवाळू?"

"पत्रा फाटेल. मग धरायला काही उरणार नाही."

"सगळे असंच काढतात."

"काढतात," ते म्हणाले. "निघाला तर काढतात."

मी डब्याच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकला. तेल भळभळत माझ्या कोपरापर्यंत आलं. स्क्रू ड्रायव्हर दांड्यासारखा धरून ओढला. क्षणभर वाटलं फिरला. फिरला नव्हता, फाटला होता. पत्रा कागदासारखा उलगडत गेला आणि माझ्या हातात अर्धा डबा आला. आतला घडीचा कागद बाहेर लोंबला. इंजिनावर फिल्टरचं जाड बूड आणि त्याला चिकटलेली बोटभर पत्र्याची कड तेवढी शिल्लक होती.

मी मागे सरून जमिनीवर बसले. आता पर्याय फार नव्हते. ते बूड ज्या नळीवर आटे घेऊन बसतं ती नळी इंजिनात असते. चुकीच्या ठिकाणी जोर दिला आणि ती मोडली की इंजिन उघडावं लागतं. म्हणजे चार दिवस. आजोबांच्या घड्याळाचं काय करायचं ते मग त्यांनीच बघायचं. मला स्वतःचा राग आला होता, आणि माझा राग नेहमी जवळ जो असेल त्याच्यावर निघतो.

"असा कोण आवळतो फिल्टर?" मी म्हटलं. "पाना लावून आवळलात ना? हाताला कळत नाही म्हणून?"

नर्सबाई फोनवरच्या माणसाला "हो हो" म्हणायच्या थांबल्या. बाबा स्टुलावरून उठले. त्यांनी आपल्या पेटीतून एक बोथट छिन्नी काढली, लहान हातोडी काढली, गुडघ्याखाली पोतं टाकलं आणि माझ्या जागी बसले.

"बॅटरी धर," ते म्हणाले.

मी बॅटरी धरली.

त्यांनी आधी आतला कागद आणि लोंबणारा पत्रा कात्रीने कापून साफ केला. मग बुडाच्या कडेवर छिन्नी तिरपी टेकवली, फिल्टर सुटायच्या दिशेने, आणि हातोडीने टकटक करायला सुरुवात केली. जोर नव्हता. दार वाजवल्यासारखं. पाच टकटक झाल्या की छिन्नी पुढे सरकवून पुन्हा पाच. एकाच जागी मारत राहिलं तर तिथला पत्रा वाकतो आणि जोर वाया जातो, एवढं मला माहीत होतं. पण मी असते तर दहाव्या ठोक्याला वैतागून जोरात मारलं असतं, हेही मला माहीत होतं.

बॅटरीच्या उजेडात मला त्यांचे हात दिसत होते. छिन्नी धरलेला डावा आणि हातोडी धरलेला उजवा. मी थरथर शोधत होते. खरं सांगायचं तर ती दिसावी अशीच माझी इच्छा होती, कारण दिसली असती तर सगळं सोपं होतं. ती दिसली नाही. वीस मिनिटं ते बुडाभोवती फिरत राहिले आणि एकही ठोका छिन्नीवरून घसरला नाही. कप थरथरतो, हातोडी थरथरत नाही. हे मला दीड वर्षात कधीतरी बघता आलं असतं. मी फक्त चहाच्या वेळी बघत होते.

"आला," बाबा म्हणाले.

मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी आणखी चार ठोके दिले आणि मग बोटांनी धरून बूड फिरवलं. ते आरामात फिरलं, कधी अडकलंच नव्हतं असं. नळी शाबूत होती. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण टाळ्या वाजवल्या याचंच त्यांना हसू आलं. माझा जीव भांड्यात पडला.

बाबांनी ते बूड माझ्याकडे दिलं. "रबर बघ. कोरडं होतं का?"

त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आपण तेल लावायला विसरलो का, याचा निकाल त्यांना हवा होता. मी बूड उलटं केलं. रबर दाबून दाबून पापुद्र्यासारखं चपटं झालं होतं, पण कोरडं नव्हतं. तेल लावलेलं होतं. नुसत्या आवळण्याने एवढं चपटं झालं होतं. मी कोरड्या बोळ्याने कड पुसली आणि तिथे मला रेघ दिसली. पांढरी, ठळक, जाड. आणि तिच्यापासून दोन बोटं अंतरावर दुसरी. बारीक, अर्धवट पुसलेली, जिथे बोळा नीट पोचत नाही अशा खाचेत तिचं टोक राहून गेलं होतं.

इथे एक गोष्ट सांगायची राहिलीय. आतापर्यंत सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी नाही. कप थरथरताना पाहिला त्या आठवड्यापासून मी बाबांचं काम त्यांच्या मागून तपासत होते. ते जेवायला गेले किंवा दारात कोणाशी बोलत उभे राहिले की मी त्यांनी बसवलेल्या फिल्टरला पट्ट्याचा पाना लावून थोडा पीळ द्यायची. पाव फेरा. कधी थोडा जास्त. ड्रेन बोल्टलाही तसंच. मग फिल्टरवरची त्यांची रेघ जागेवरून सरकायची, म्हणून ती पेट्रोलने पुसून त्यांच्याच पेनाने इंजिनावरच्या रेघेला जुळवून नवी मारायची. त्यांना ताकास तूर लागू दिली नव्हती. हे मी आवळणं म्हणून करत नव्हते. माझ्या मनात त्याचं नाव तपासणी होतं, आणि ज्याला आपण तपासणी म्हणतो त्यातून काही बिघडेल असं कोणाच्या डोक्यात येतं? अकरा वाजल्यापासून या फिल्टरशी झुंजताना ते माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. आधी आलं असतं तरी मी बाबांवरच खापर फोडलं असतं का, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

दोन रेघा हातात होत्या. बारीक रेघ पाऊण फेऱ्याची. ती बाबांची. जाड माझी.

भंगाराचा पिंप माझ्यापासून एक पाऊल होता. बूड त्यात टाकलं असतं तर विषय मिटला असता. मी पिंपाकडे पाहिलं हे बाबांनी पाहिलं.

"रबर ओलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही तेल लावलं होतं. पाऊण फेराच दिला होता तुम्ही. पुढचं मी आवळलंय." आणि मग, कारण एवढ्यावर थांबणं बरोबर वाटेना, "दीड वर्ष मी तुमच्या मागून सगळे आवळतेय."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

ते नव्या फिल्टरचं खोकं उघडत होते.

"कधीपासून?"

"ही गाडी गेली त्याच्या पुढच्या महिन्यात कळलं. तुझी रेघ जाड असते. तू लिहितेससुद्धा दाबून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?" त्यांनी नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने तेल लावलं, गोल, हळूहळू. "तुला आवळल्यावर बरं वाटायचं. घरी येऊन नीट जेवायचीस. मग मीच पाव फेरा कमी द्यायला लागलो. तुझा धरून पाऊण व्हावा म्हणून."

मी उभी होते तशीच उभी राहिले. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही काम अर्धवट सोडलेलं नव्हतं. हँडलचा एक स्क्रू राहिला म्हणून ते एकदा गिऱ्हाइकाच्या मागे सायकलवरून गेले होते. असा माणूस नऊ महिने रोज मुद्दाम अपुरं काम करून दारात जाऊन उभा राहत होता, मला सोय व्हावी म्हणून. मला राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे पहिल्यांदाच कळेना.

मग मला दुसरंच काहीतरी सुचलं.

"मी तापाने बारा दिवस घरी होते, बाबा. त्या बारा दिवसांत बसवलेले?"

"ते पूर्ण आवळले," ते म्हणाले. "तू नव्हतीस ना."

त्यांनी हे इतकं सरळ सांगितलं की मला हसू आलं आणि मग आलं तसं गेलं. ज्याला विसरतो म्हणून आम्ही काउंटरवर बसवणार होतो, तो माणूस मी कधी जेवते, कधी बाहेर जाते, कधी आजारी आहे, कुठल्या गाडीला माझा हात लागणार आणि कुठलीला नाही, हे सगळं ध्यानात ठेवून काम करत होता. मला लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटल्याचं आठवत नाही.

त्यांनी इंजिनाची बैठक पुसली, जुन्या रबराचा कण राहिलेला नाही ना हे नखाने पाहिलं, फिल्टर हाताने फिरवत नेला. टेकला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न विचारल्यासारखं. किती देऊ?

"पाऊण," मी म्हटलं.

त्यांनी पाऊण फेरा दिला, पेनाने रेघ मारली, नवं तेल ओतलं. मी पाइपाचे बोल्ट आवळले, माझे माझे. गाडी चालू करून आम्ही पाच मिनिटं खाली वाकून बघत राहिलो. एक थेंब आला नाही. नर्सबाईंना बाबांनी सांगितलं की उद्या येता-जाता एकदा दाखवून जा. माझे हात पट्ट्याच्या पान्याकडे जात होते हे मी लपवणार नाही. मी ते खिशात घातले, तेलासकट. नर्सबाई गेल्या तेव्हा पावणेतीन झाले होते.

तेवढ्यात टेबलावर फोन वाजला. धाकटा. सकाळी पट्टा घसरल्यावर मी वैतागून त्याला दोन ओळींचा निरोप धाडला होता. फोन कानाला लावण्याइतके माझे हात स्वच्छ नव्हते, म्हणून मी करंगळीने स्पीकर चालू केला. बाबा कोपऱ्यात साबणाची भुकटी लावून हात चोळत होते. स्पीकर म्हणजे सगळ्यांना ऐकू जातं, हेही मला दुसऱ्याच क्षणी सुचलं. मला सगळं दुसऱ्या क्षणी सुचतं.

"निघाला का?" धाकट्याने विचारलं.

"निघाला."

"चला. मग आता ठरल्याप्रमाणे कर ताई. तिसरी झाली. आज संध्याकाळीच बोल बाबांशी."

"चूक त्यांची नव्हती. माझी होती."

तो हसला. वाईट हसला नाही, समजूतदारपणे हसला, ते जास्त वाईट होतं. "तू त्यांना किती दिवस पाठीशी घालणार? तीनवर थांबायचं हे तूच म्हणाली होतीस. आता तुझ्या जिवावर आलंय तर मी बोलतो. दे त्यांना फोन."

"नंतर करते," मी म्हटलं आणि कोपराने फोन बंद केला.

नळाचं पाणी वाहत होतं. बाबांनी ते बंद केलं, फडक्याला हात पुसले, एकेक बोट वेगळं करून. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"तीन कुठल्या?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं की ते चिडतील, किंवा मग काही न बोलता घरी जातील. दोन्हीसाठी माझी थोडीफार तयारी होती. या प्रश्नासाठी नव्हती.

"पहिली वॉशरची. फरशीवर तेल गळलं ती."

"ती माझी," ते म्हणाले. "वॉशर हातात होता. कोणीतरी हाक मारली आणि मी तो टेबलावर ठेवला. दुसरी?"

"वर्तमानपत्रवाल्याचा ड्रेन बोल्ट. आटे घेऊन बाहेर आला तो."

बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, आणि बाबांच्याही.

"बोल्टही आवळायचीस?"

"हो."

"मग माझी एक," बाबा म्हणाले. त्यांनी फडकं खिळ्याला अडकवलं. "आणि तुझ्या किती?"

टोमणा नव्हता. तेल किती लिटर घातलं हे विचारावं तसं त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थांबले. मी आठवायला लागले. नर्सबाईंची एक. वर्तमानपत्रवाल्याची एक. पण बाबांनी हात आखडता घेण्याआधीच्या आठ-नऊ महिन्यांत माझा पाना किती गाड्यांना लागला होता, त्यातल्या किती अजून रस्त्यावर होत्या, किती फिल्टर कुठल्या कुठल्या गॅरेजात भोसकून निघाले असतील आणि किती जणांनी बाबांच्या नावाने बोटं मोडली असतील, हे मला माहीत नव्हतं. माझ्या चुका कोणी मोजल्याच नव्हत्या.